पाऊस नोझलचा, पाणी बोअरचं

पावसाने मातीची किती धूप होते ते मोजायला आम्ही ट्रेमधल्या मातीवर नोझलने कृत्रिम पाऊस पाडतो. ट्रे 1 मीटर लांब, अर्धा मीटर रुंद. तळाला भोकं, त्यावर 5 सेंमी वाळू आणि वर 10 सेंमी माती. माती पूर्णा खोऱ्यातली, खारपाण पट्ट्यातली (जिथलं भूजल खारं असतं) काळी. घनता 1.2 ग्रॅम प्रति घनसेंमी धरली की एका ट्रेला कोरडी माती 60 किलो लागते. ती 2-2 सेंमीच्या थरांनी भरायची आणि पुढचा थर टाकण्याआधी खालचा खरवडायचा, नाहीतर पाणी सांध्यावरच अडतं. उतार 9 टक्के, पाऊस ताशी 60 मिमी, वेळ अर्धा तास. म्हणजे ट्रेवर 15 लिटर पाणी.

अडचण अशी, की खालच्या गटारीतून येणारं पाणी फारच सोज्वळ होतं. असल्या मातीवरून एवढ्या पावसात गढूळ लोंढा यायला हवा.

पहिला संशय दाबावर. नोझल व्हीजेट 80100, पंख्यासारखा चपटा फवारा देणारं, जमिनीपासून अडीच मीटरवर. ते 6 पीएसआयवर चालवलं की थेंबांचा मध्यम व्यास सव्वादोन मिमीच्या आसपास येतो. असा थेंब खऱ्या पावसात सेकंदाला साधारण 7 मीटर वेगाने पडतो. सुईतून नुसता सुटलेला थेंब अडीच मीटरात तेवढा वेग पकडत नाही, नोझल त्याला वरूनच ढकलून सोडतं. पण दाबमापक खाली पंपापाशी लावला तर फसगत होते. प्रत्येक मीटर उंचीला साधारण 1.4 पीएसआय जातात, म्हणजे खाली 6 दिसतात तेव्हा वर जेमतेम अडीच. आमचा मापक नोझलच्या शेजारीच होता आणि काटा 6 वर स्थिर होता. दाब ठीक.

मग पावसाची सारखी वाटणी. ट्रेच्या जागी 10 सेंमी तोंडाचे डबे मांडून 10 मिनिटं पाऊस पाडला. प्रत्येकात 78.5 मिली जमायला हवं. कडेच्या डब्यांत थोडं जास्त भरलं, ते अपेक्षितच. गाडीच्या वायपरची मोटर नोझलला झुलवते तेव्हा झोक्याच्या दोन्ही टोकांना ते क्षणभर रेंगाळतं. म्हणून टोकांचं पाणी दोन बाजूंच्या पन्हाळ्यांत झेलायचं असतं. आमच्या पन्हाळ्या थोड्या आखूड होत्या, पण त्याने पाणी सोज्वळ होत नाही. गटारीवरचं पत्र्याचं झाकणही जागेवर होतं. ते सरकलं तर पाऊस थेट बाटलीत पडतो आणि नमुना पातळ होतो.

उत्तर बाटल्यांनीच दिलं. दर दोन मिनिटांनी भरलेल्या बाटल्या ओळीने टेबलावर होत्या. तासाभरात सगळ्यांत वर नितळ पाणी आणि तळाशी साका, कुणी तुरटी फिरवून ठेवल्यासारखा. काळ्या मातीची चिकणमाती इतक्या लवकर बसत नाही. पाण्यात क्षार असले, तरच तिचे कण एकमेकांना धरून गोळा होतात.

टाकीत ईसी मीटर बुडवला, म्हणजे विद्युतवाहकतेवरून पाण्यातले क्षार दाखवणारा: 1.8 डेसीसीमेन्स प्रति मीटर. पाणी बोअरचं होतं, त्याच पट्ट्यातलं. पावसाच्या पाण्यात हा आकडा शून्याच्या जवळ असतो. थेंबांचा मार मातीच्या ढेकळांना बसतच होता, पण फुटलेले कण क्षारांमुळे सुटे होऊन तरंगत नव्हते. ते भेगांत आणि छिद्रांत बसून वर पापुद्रा धरला असता, तर पाणी मुरणं थांबलं असतं आणि वाहणं वाढलं असतं. इथे छिद्रं उघडीच राहिली. त्यात या मातीत सोडियम जास्त. गोड्या पाण्यात ती भसकन विरघळते, खाऱ्या पाण्यात अंग चोरून बसते.

यातला दुसरा घोळ जास्त चिडवणारा होता. नमुना 105 अंशांवर वाळवून उरलेलं वजन आपण माती म्हणून लिहितो. 1.8 ईसीच्या पाण्यात लिटरमागे सव्वा ग्रॅमच्या आतबाहेर क्षार असतात, तेही त्याच वजनात बसले. म्हणजे धूप खरोखर कमी होत होती, आणि जी दिसली तिच्यातही मीठ होतं.

दुपारी गच्चीवरून साठवलेलं पावसाचं पाणी आणलं. दुसरा ट्रे तसाच, त्याच मातीचा. दहाव्या मिनिटाला गटारीतून कोऱ्या चहासारखं पाणी सुरू झालं आणि बाटल्या दुसऱ्या दिवशी सकाळीही गढूळ होत्या.

बोअर का वापरला होता? तर या नोझलमधून 6 पीएसआयवर मिनिटाला 14.7 लिटर जातात, अर्ध्या तासाला 440. ट्रेवर त्यातले 15 पडतात. एवढं गोडं पाणी रोज कुठून आणायचं, म्हणून. आता पन्हाळ्या लांब केल्या आहेत आणि त्यांत झेललेलं पाणी जाळीतून गाळून टाकीत परत जातं. ट्रेच्या आसपास शिंपडलेलं मात्र परत घेत नाही, त्यात माती मिसळलेली असते. पंप चालू करण्याआधी वहीत पहिला रकाना ईसीचा असतो.

बोअरच्या पाण्यावरचे जुने आकडे फेकले नाहीत. तुषार सिंचनाखाली ही माती कशी वागते, ते त्यांत आहे. पावसाच्या रकान्यातून तेवढे काढले.