फिशबोर्नची सहल आणि मी मदतनीस पालक

इंग्लंडच्या प्राथमिक शाळेत इतिहासात रोमन येतातच. मुलाच्या वर्गाची सहल चिचेस्टरजवळच्या फिशबोर्नच्या रोमन राजवाड्यात निघाली, मदतनीस पालक हवेत म्हणून पत्र आलं आणि मी हो कळवलं.

सहलीचे पैसे ‘ऐच्छिक वर्गणी’ म्हणून मागतात. शाळेच्या वेळातल्या अभ्याससहलीची सक्तीची फी इथे घेता येत नाही आणि वर्गणी दिली नाही म्हणून मुलाला मागेही ठेवता येत नाही. हे मला मनापासून पटलं. पैसे न भरलेली मुलं सहलीच्या दिवशी रिकाम्या वर्गात बसलेली मी लहानपणी पाहिली आहेत.

मग सूचना आल्या. स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढायचे नाहीत. कुणालाही एकटीने टॉयलेटला न्यायचं नाही. डब्यात शेंगदाणे चालणार नाहीत, म्हणजे आमच्या घरचं निम्मं स्वयंपाकघर बाद! शेवटी तूप-गूळ-पोळीचा रोल दिला. आणि स्वतःचं मूल आपल्या गटात नसतं. त्यावरून चिरंजीव दोन दिवस रुसले होते.

माझ्याकडे सहा मुलं, दोन इनहेलर आणि एक फ्लोरोसंट जाकीट. 1960 मध्ये पाण्याची पाइपलाइन टाकताना हा राजवाडा सापडला. साधारण इ.स. 75 चं बांधकाम, 270 च्या सुमारास आगीत गेलेलं. मोझेकच्या, म्हणजे छोटे रंगीत तुकडे जुळवून चित्रं केलेल्या, फरश्या आता छताखाली आहेत. मधोमध डॉल्फिनवर बसलेला क्युपिड, म्हणजे रोमनांचा प्रेमदेव, असलेली फरशी सगळ्यांत प्रसिद्ध, पण मुलं तिथे मिनिटभरही थांबेनात. मग मी म्हटलं, फरशीवरच्या चित्रात वेलीवर एक छोटा पक्षी बसलाय, तो शोधा. काही जण म्हणतात ती कारागिराची सही आहे. सहाही डोकी एकदम कठड्यावर वाकली. पक्षी सापडल्यावर एकाने विचारलं, “फरशी अशी वरखाली का?” खालची जमीन खचल्यामुळे. हे त्याने स्वतःहून टिपलं, वर्कशीटवर तो प्रश्नच नव्हता. वर्कशीटं जरा कमी दिली तरी चालतील, असं माझं मत.

एका मुलीला मी सांगितलं, माझ्या कोल्हापुरातही ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडनची, म्हणजे ग्रीक समुद्रदेवाची, ब्राँझची छोटी मूर्ती सापडली होती. ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. तिने लगेच विचारलं, “तिथे समुद्र आहे?” नाही म्हटल्यावर, “मग तो तिथे कसा गेला?” व्यापाऱ्यांच्या सामानातून गेला असेल, असं मी सांगितलं. ते तिला फारसं पटलं नाही.

बागेत रोमनांनी लागवडीसाठी खणलेल्या चरांचा माग धरून पुन्हा लावलेली झुडपांची कुंपणं आहेत. तिथे कुणी काही शिकलं नाही, सगळे नुसते पळाले.

सगळ्यांत जास्त वेळ गेला दुकानात. खोडरबर की रोमन नाणं, यावर एका मुलाचा निर्णयच होईना. बाहेर ड्रायव्हरने बस सुरू केली, तेव्हा कुठे त्याने पेन्सिल घेतली.