फाशात दोन वाढवा

‘शत्रू जवळ असेल तर फाशात दोन वाढवा.’ टेबलटॉप रोलप्लेइंग गेमच्या आमच्या पहिल्या नियमपुस्तिकेतलं हे वाक्य माझंच. टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका वठवायच्या आणि फासे टाकून काय घडतं ते ठरवायचं, असा हा खेळ. पुस्तिका छापून आली आणि आठवड्याभरात एका गटाचा फोन आला, ‘अहो, तुमच्या खेळात कुणी हरतच नाही!’ ते दोनाऐवजी चार फासे टाकत होते. मला म्हणायचं होतं, बेरजेत 2 मिळवा. यशाला बेरीज किमान 10 लागत होती. बेरजेत 2 मिळवले तर 36 पैकी 15 वेळा जमतं; चार फासे टाकले तर दहातल्या नऊ वेळा. चूक त्यांची नव्हतीच, वाक्यातून दोन्ही अर्थ निघतात. शिवाय ‘जवळ’ म्हणजे किती, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. उरलेल्या प्रतींत चिठ्ठ्या चिकटवत बसलो.

त्या चिठ्ठ्या बघून गेम लिहिणाऱ्या दुसऱ्या एकाने आपले नियम तपासायला दिले. मग तिसऱ्याने. आज स्वतःचे गेम कमी आणि हेच काम जास्त.

रोग जुना आहे म्हणा. 1974 साली आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच खेळाच्या तीन पुस्तिकांनी वाचकाकडे दुसऱ्याच एका युद्धखेळाचे नियम असतील, असं धरलं होतं. त्यात ‘लेव्हल’ पात्राचीही, मंत्राचीही आणि तळघराच्या मजल्याचीही!

आमच्याकडे एका गोष्टीला एकच शब्द. लेखक कुरकुरतात, भाषा रुक्ष होते म्हणतात. शाळेत ‘तोच शब्द पुन्हा नको’ असं शिकवलेलं असतं ना! पण एका पानावर इजा, दुसऱ्यावर जखम, तिसऱ्यावर घाव आला, की खेळाडू तीन निरनिराळे नियम शोधत बसतो. वर्णनात खुशाल नटा, नियमात नको.

खरी परीक्षा टेबलावर. अनोळखी गटाला पुस्तिका द्यायची आणि लेखकाने तोंड उघडायचं नाही. खेळ थांबवून कुणी पानं चाळू लागला, की आम्ही त्या जागी खूण करतो. एका लेखकाला गप्प बसवेना, सारखं ‘म्हणजे त्याचा अर्थ असा की...’ चालू. त्याला आता बाहेर बसवतो.

माझं ते वाक्य नव्या आवृत्तीत असं आहे: ‘शत्रू 2 चौकोनांच्या आत असेल तर फाशांच्या बेरजेत 2 मिळवा.’ मागच्या महिन्यात एका मुलीने विचारलं, ‘तिरपे चौकोन कसे मोजायचे?’