बेळगावच्या बंदरात दोन दिवस

बेळगावात हिंडलग्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आम्ही लहानपणापासून वेंगुर्ला रोड म्हणतो. त्या रस्त्याच्या टोकाला खरोखरच वेंगुर्ला आहे, हे मी कधी मनावर घेतलं नव्हतं. आजी मात्र खोबरं, मीठ, सुकी मासळी यांतलं काहीही आलं की ‘बंदरावरून आलं’ म्हणायची, आणि बंदर म्हणजे तिच्या लेखी वेंगुर्लाच. जानेवारीत मी आणि ताई तो रस्ता शेवटपर्यंत गेलो.

वेंगुर्ल्याला जाणारे बहुतेक जण गोव्याहून किंवा मुंबईहून येतात. माझं म्हणणं असं की एकदा तरी घाटावरून, शिनोळी, आंबोली, सावंतवाडी असं उतरत जा. अंतर साधारण १२० किलोमीटर आहे. हे बंदर कशासाठी होतं, ते उतरतानाच समजतं. रेल्वे येण्याआधी बेळगाव-धारवाडकडचा कापूस बैलगाड्यांतून आधी रामघाटाने आणि पुढे आंबोलीच्या घाटाने इथे उतरायचा. १८१२ साली सावंतवाडीकरांकडून वेंगुर्ला इंग्रजांकडे गेलं. त्यानंतर बेळगावच्या छावणीची ये-जाही याच वाटेने झाली. १८८०च्या दशकाच्या अखेरीस गोव्यातल्या मुरगाव बंदराला रेल्वे जोडली गेली आणि घाटावरचा माल तिकडे वळला. वेंगुर्ल्याचं बंदर काही बुडालं नाही, पण त्याच्या पाठीमागचा मुलूख तुटला. हे डोक्यात ठेवून गाव बघितलं की त्याचा शांतपणा वेगळा दिसतो.

पहिल्या दिवशी सकाळी डच वखार बघितली. दुपारी जाऊ नका, जांभ्याच्या भिंती तापतात आणि उजेडही सपाट पडतो. डचांनी इथे १६३७ साली ठाणं केलं. गोवा पोर्तुगीजांकडे होता, आणि बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, येणारी डच गलबतं दरवर्षी गोव्याची कोंडी करायला किनाऱ्यावर येत. त्यांना पाणी, शिधा आणि बातम्या पुरवायला गोव्याच्या जवळ पण गोव्याबाहेर अशी जागा हवी होती, आणि वेंगुर्ला नेमकं तिथे होतं. म्हणून ही वखार नुसतं कोठार वाटत नाही. भिंतींची जाडी बघा, ती बांधणी गढीचीच आहे. आत झाडांची मुळं चिऱ्यांच्या सांध्यांत घुसली आहेत. ताई एका कमानीखाली बराच वेळ उभी होती. ‘वाडा पडला की आपण चिरे नेतो, इथे निदान कोणी नेले नाहीत,’ ती म्हणाली. मला ते पुरेसं वाटत नाही. एवढ्या जुन्या इमारतीला तिची गोष्ट सांगणारा माणूस हवा. जाणाऱ्यांनी भिंतींवर चढू नये, चिरे सुटे आहेत. पायात बूट घाला, गवतात काही दिसत नाही.

तिथून बंदरावर गेलो. टेकडीवर दीपगृह, खाली धक्का आणि पलीकडे मांडवीची खाडी. जाळी शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्या काकांनी आधी ‘खंयसून इलात?’ विचारलं. बेळगाव म्हटल्यावर त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. ‘आगबोट हंय लागायची नाय, भायर खोलात उभी रवायची. पडावातसून माणसां हाडूची लागायची.’ मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली माणसं, ट्रंका, गणपतीला येणारे चाकरमानी, सगळे असे हेलकावत पडावातून, म्हणजे लहान होडीतून, उतरायचे. आता तोच धक्का संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांचा आहे. तो असाच जिवंत राहावा, पण काकांसारख्यांना जाळी पसरायला जागाही उरावी, एवढं मनापासून वाटतं. खाडीवरच्या झुलत्या पुलावरून नवाबागेच्या किनाऱ्याला चालत जाता येतं. आम्ही गेलो तेव्हा तिथे रापण लागली होती.

रापण बघायला मिळणं हे नशीब, वेळ ठरवून मिळत नाही. होडीने जाळं अर्धगोलात टाकतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात. ओढायला हात लावणाऱ्यालाही थोडी मासळी मिळते, हा जुना रिवाज. गेली कित्येक वर्षं या रापणकरांचं यांत्रिक बोटींच्या, माशांचा अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांशी आणि रात्री प्रखर दिवे लावून होणाऱ्या मासेमारीशी भांडण चालू आहे. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले, तरी समुद्रात ते पाळले जातात का, हा प्रश्न इथे रोजचा. आम्ही दोरीला हात लावला. बांगडे मिळाले, पण खोलीवर चूल नाही, म्हणून ते परत टोपलीत ठेवले. तुम्ही जाणार असाल तर घरगुती निवासात राहा. तिथल्या वहिनी तुमच्या बांगड्याचं तिखलं करून देतील.

दिवस मावळल्यावर बंदरावर थांबा. हवा स्वच्छ असेल तर दूर समुद्रात एक दिवा लुकलुकतो. तो वेंगुर्ला रॉक्सवरचा, स्थानिक ज्याला निवती रॉक म्हणतात. या खडकांनी गलबतवाल्यांना फार धाक घातलेला, म्हणून एकोणिसाव्या शतकात तिथे दीपगृह उभं राहिलं. तिथल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात. या घरट्यांची चोरटी विक्री व्हायची. म्हणून होडीने त्या बाजूला गेलात तरी गुहांत शिरू नका. आणि समुद्र कसा आहे, हे फोनवरच्या हवामानापेक्षा होडीवाल्याला विचारा. पावसाळ्यात तो विषयच नाही.

दुसरा दिवस काजूचा. बंदराचा व्यापार गेला, पण काजूने वेंगुर्ल्याला कारखाने दिले. फळ संशोधन केंद्र इथे १९५७ पासून आहे, आणि ‘वेंगुर्ला ४’, ‘वेंगुर्ला ७’ अशा त्याच्या जातींची कलमं कोकणभर लागली. पूर्वी काजू-बी फिरत्या ड्रममध्ये भाजायचे, काळा धूर गावभर जायचा. आता बहुतेक ठिकाणी बी वाफेवर शिजवतात, गार करतात, मग बायका हाताच्या आणि पायाच्या कटरवर एकेक बी फोडतात. पुढे गर भट्टीत सुकवून साल काढतात आणि प्रतवारी लावतात. ३२० नंबरचा काजू म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर, २४० म्हणजे त्याहून मोठा. दुकानात हे दोन आकडे लक्षात ठेवले तर फसायला होत नाही. स्वयंपाकाला तुकडा किंवा पाकळी घ्या, चव तीच आणि पैसे कमी.

कारखान्यात शिरताना आधी कार्यालयात विचारा. सगळीकडे आत सोडत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे. फोडलेल्या टरफलाला हात लावू नका, त्यातल्या चिकाने कातडी भाजते. एका मावशींनी मला बोटं दाखवली, टोकं काळी पडून त्यावरच्या रेषा पुसलेल्या. तेल लावलं तरी चिक लागतोच, म्हणाल्या. त्या बोटांमुळे वेंगुर्ल्याचा काजू अख्खा निघतो. फोटो काढायचा असेल तर त्यांना विचारून काढा.

दुपारी शिरोड्याकडे गेलो. वाटेत आरवलीला वेतोबा या ग्रामदेवापुढे वाहिलेल्या भल्यामोठ्या चपला बघायला पाच मिनिटं पुरतात. शिरोड्याची मिठागरं १९३०च्या मे महिन्यातल्या सत्याग्रहाने देशभर गाजली. उन्हाळ्यात पाणी आटून मीठ धरतं, तेव्हाच ती खरी बघण्यासारखी. आम्हाला जानेवारीत चौकोनी वाफे आणि बगळे दिसले. बांधांवरून चालताना मिठाच्या वाफ्यात पाय घालू नका, तो कुणाच्या तरी घामाचा आहे.

रेल्वेने येणाऱ्यांना सावंतवाडी आणि कुडाळ ही दोन्ही स्टेशनं जवळ, दोन्हीकडून एसटीच्या गाड्या मिळतात. शेवटची गाडी कधी सुटते, ते उतरल्या उतरल्या स्टँडवर विचारून ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान. काजूगरांची उसळ खायची असेल तर फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये जा, ओले गर तेव्हा बाजारात येतात. मासळी बाजार सकाळी लवकर गाठा.

घाटाने परत जाणाऱ्यांनी तीनच्या आत वेंगुर्ला सोडावं, आंबोलीत धुकं लवकर उतरतं. आमच्या गाडीत तीन किलो काजू, दोन नारळ आणि शिरोड्याच्या खड्या मिठाची पिशवी होती. आई ती हातात घेऊन म्हणाली, ‘बंदरावरून आलं.’