माझी बनगरवाडी नौपाड्यात आहे

गेल्या रविवारी जेवणं उरकल्यावर लेकीनं विचारलं, "आई, तू 'बनगरवाडी' सिनेमा खरंच पाहिलेला नाहीस?" प्रश्नात कुतूहल कमी आणि आरोप जास्त होता.

"नाही गं, वेळच नाही मिळाला."

सिनेमा आला १९९५ साली. तीस वर्षांत दोन तास मिळाले नाहीत हे कारण देताना माझं मलाच हसू आलं. मग आईनं, म्हणजे लेकीच्या आजीनं, आगीत तेल ओतलं. "'जैत रे जैत' पण नाही पाहिलेला तिनं. आणि तो 'नटरंग'. 'दुनियादारी' टीव्हीवर लागला की उठून आत जाते."

खरं आहे. जी पुस्तकं मी पुन्हा पुन्हा वाचली, नेमके त्यांचेच सिनेमे माझे राहिलेत. लोकांना वाटतं, दिग्दर्शकानं पुस्तकाची वाट लावली असेल ही मला भीती. तसं अजिबात नाही. 'बनगरवाडी' काढताना अमोल पालेकरांनी व्यंकटेश माडगूळकरांच्या कादंबरीची वाट लावली असेल असं मी कशाला म्हणू? माझी भीती बरोबर उलटी आहे. त्यांनी सगळं बरोबर दाखवलं असणार. माणदेश माणदेशासारखा, धनगर धनगरासारखा, मेंढरू मेंढरासारखं. आणि माझं सगळं चुकलेलं आहे.

मी 'बनगरवाडी' वाचली तेव्हा सातवीत होते. बाबा ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सभासद. हे ग्रंथालय १८९३ सालचं, आणि मला लहानपणी वाटायचं की काउंटरवरचे काकाही तेव्हापासूनचेच आहेत. पांढऱ्या मिश्या, जाड भिंगांचा चष्मा, पुस्तक परत घेताना पानं फर्रकन उलटून बघायची सवय. त्यांच्याकडून मिळालेल्या पुस्तकाला मूळ मुखपृष्ठ नव्हतं. बांधणीवाल्यानं जाड पुठ्ठा चढवलेला, पाठीवर हातानं लिहिलेला नंबर. म्हणजे चित्राचा आधार शून्य. आत काळी अक्षरं, आणि वाचणारी मुलगी अशी की जिनं कल्याणच्या पुढे पाऊल टाकलेलं नाही.

मग मनानं घरात जे होतं त्यातच भागवलं. वाडीतली मोकळी जागा म्हणजे घंटाळी देवीच्या देवळापुढचं पटांगण. कादंबरीतले मास्तर धनगरांच्या वाडीवर शिकवायला चालत निघतात ती वाट गोखले रोडवरून जायची, फक्त दुकानं बंद असायची. मेंढ्या मी पाहिलेल्याच नव्हत्या, तेव्हा मटणाच्या दुकानाबाहेर बांधलेल्या बकऱ्यांना लोकर चढवली. शेवटी दुष्काळ पडतो तिथे फारच अडचण झाली. ठाण्यात पाण्याला काय तोटा? मला अख्खी तलावपाळी आटवावी लागली. मासुंदा तलाव कोरडा केला, तळाला भेगा पाडल्या, आणि मग ती माणसं वाडी सोडून निघाली तेव्हा मला रडू आलं. आणि वाडीचे कारभारी? ते ग्रंथालयातले काकाच. मिश्या त्याच. चष्मा काढला आणि मुंडासं बांधलं, की झाले कारभारी.

आता ही सगळी भानगड घेऊन मी सिनेमा पाहायला कशी बसणार? पहिल्या पाच मिनिटांत माझी वाडी उठवली जाईल.

ठाण्याच्या नौपाड्यात राहणाऱ्याला हे जास्त समजावून सांगावं लागत नाही. आमच्या गल्लीत तळमजला अधिक दोन मजल्यांच्या इमारती होत्या. एकेक करत सगळ्या पुनर्विकासाला गेल्या. कोपऱ्यावरच्या इमारतीत मी सहा वर्षं पेटी शिकायला जात होते. तिथे आता टॉवर आहे, पोडियम पार्किंग आहे, आणि परवा मी खूप आठवून पाहिलं तरी जुन्या इमारतीचं फाटक कुठल्या बाजूला होतं ते आठवेना. पाडलेली रिकामी जागा होती तोवर आठवत होतं. नवं उभं राहिलं आणि जुनं पुसलं गेलं. नवी इमारत वाईट आहे का? मुळीच नाही. लिफ्ट आहे, पाणी आहे. तक्रार कुठे करायची तेच कळत नाही.

'शाळा'च्या बाबतीत असंच झालं. मिलिंद बोकिलांची कादंबरी मी इतक्यांदा वाचली होती की त्यातली शिरोडकर मला आमच्या वर्गातल्या एका मुलीसारखी दिसायची. दोन वेण्या, त्यातली एक कायम सैल. २०१२ साली सिनेमा आला, मैत्रिणींनी ओढत नेलं. सिनेमा छान होता, आणि तीच खरी पंचाईत. शिरोडकर झालेली केतकी माटेगावकर इतकी गोड दिसली की घरी येऊन पुस्तक उघडलं तर माझी सैल वेणीवाली मुलगी निघून गेलेली. परत आलीच नाही. सिनेमा टुकार असता तर दोन शिव्या हासडून मी तिला परत मिळवलं असतं.

'जैत रे जैत'चं प्रकरण थोडं वेगळं आहे. तो मी पाहिला नाही असं म्हणायलाही जीभ रेटत नाही, कारण ऐकलाय संपूर्ण. बाबांकडे कॅसेट होती. महानोरांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत. गो. नी. दांडेकरांची कादंबरी हाती येण्याच्या कितीतरी आधी ती गाणी घरात वाजून वाजून कॅसेटची फीत सैल झाली होती. पनवेलच्या पुढे गोव्याच्या रस्त्याला लागलं की कर्नाळा किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका दिसतो. शाळेच्या सहलीत बाईंनी सांगितलं, वर कड्यावर मधमाश्यांची पोळी आहेत, आरडाओरडा करू नका. तेव्हापासून राणीमाशीवर सूड उगवायला निघालेला नाग्या माझ्यासाठी त्याच अंगठ्यावर चढतो. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील मला पोस्टरपुरते माहीत आहेत. चेहरे माझे, डोंगर माझा, आवाज तेवढा सिनेमाचा. हा करार मला बरा वाटतो.

आईला हे सगळं नाटक वाटतं. तिची 'श्यामची आई' म्हणजे अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट, आणि त्यातल्या वनमालाबाई. "राष्ट्रपतींचं सुवर्णपदक सुरू झालं ना, ते पहिलं आपल्या 'श्यामच्या आई'ला," हे ती अशा थाटात सांगते की पदक आणायला हीच दिल्लीला गेली होती. पुस्तक वाचतानाही तिला वनमालाबाईच दिसतात. "काही बिघडलं का माझं?" नाही बिघडलं. पण २०२३ साली सुजय डहाकेंनी नवी 'श्यामची आई' काढली, कृष्णधवल, तेव्हा मी हौसेनं म्हटलं, चल, जाऊ. आई म्हणाली, "मला नको. आई एकच असते." यावर मी काय बोलणार? फक्त तो दिवस लक्षात ठेवला.

लेकीचा प्रवास तर उलट्या दिशेनं. तिनं आधी 'फास्टर फेणे' सिनेमा पाहिला, अमेय वाघचा. मग मी कौतुकानं भा. रा. भागवतांची पुस्तकं तिच्यापुढे ठेवली. राम वाईरकरांच्या चित्रांतला तो काडीपैलवान पाहून ती फिस्कारली. "हा फाफे? हा तर शाळेत जातो!" मला दोन दिवस बोलवेना. तिच्या दृष्टीनं मूळ माणूस मोठा आहे आणि पुस्तकात कोणीतरी त्याला उगाच लहान करून ठेवलाय.

तर त्या रविवारी तिनं कुठून तरी 'बनगरवाडी' मिळवलाच आणि लॅपटॉपवर लावला. आजी चष्मा लावून शेजारी बसली. मी मेथी निवडायला घेतली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात अशी बसले, की आवाज येईल आणि पडदा दिसणार नाही. थोड्या वेळानं आजीचा आवाज आला, "अगं, ये, कारभारी आले बघ."

लेक उठून दारात आली. "तुझे कारभारी कसे दिसतात?"

"ग्रंथालयात काउंटरवर एक काका असायचे. मिश्यावाले. जाड भिंगांचा चष्मा. तू नाही पाहिलेस."

तिनं वळून पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

"मग तू मेथीच निवड," म्हणाली, आणि जाताना दार लोटून घेतलं.