बिलाचा शेवटचा आकडा

लॅबमध्ये पोचल्यावर पहिलं काम केलं ते माझंच रक्त द्यायचं. उपाशीपोटीची साखर, एवढी एकच तपासणी. ऑडिटला गेले की कागदपत्रं मागण्याआधी मी असंच करते. पेशंट म्हणून दारातून आत जायचं आणि आपलं नाव, वय, मोबाइल नंबर कुठे कुठे उतरवला जातो ते बघायचं. पंधरा वर्षं जिल्हा न्यायालयात दिवाणी दावे चालवल्यावर मी डेटा संरक्षणाच्या सल्ल्याकडे वळले, पण सवय तीच राहिली: जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय मत द्यायचं नाही.

लॅब पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातली. डॉक्टरांनी मला बोलावलं ते नव्या कायद्यातल्या अडीचशे कोटींपर्यंतच्या दंडाची बातमी वाचून. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. त्यातली मुख्य बंधनं अठरा महिन्यांनी लागू होणार, तोवर तयारी करून घ्यावी असा त्यांचा सरळ विचार होता. माणूस चांगला. गरिबाचं बिल स्वतः कमी करणारा.

साडेअकराच्या सुमाराला माझ्या मोबाइलवर मेसेज आला, ‘आपला रिपोर्ट तयार आहे’, आणि खाली लिंक. लिंकच्या शेवटी माझ्या बिलाचा नंबर होता. मी डॉक्टरांना शेजारी बोलावलं, शेवटचा आकडा एकाने कमी केला आणि लिंक उघडली. ना पासवर्ड, ना ओटीपी. समोर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव, वय, मोबाइल नंबर, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव आणि खाली तपासण्या. मी ते पान लगेच बंद केलं. अशी चाचणी करण्याची लेखी परवानगी आमच्या करारात होती. ती नसताना दुसऱ्याच्या यंत्रणेत डोकावलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आपल्यावरच उलटू शकतं. असा दोष योगायोगाने सापडला तर पुढचे नंबर उघडून बघू नका, तिथेच थांबून मालकाला कळवा, असं मी तरुण मुलांना कळकळीने सांगते.

वहीत वेळ लिहिली: ११.४०. सर्ट-इन म्हणजे सायबर घटना हाताळणारी केंद्र सरकारची संस्था. तिच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार डेटाफुटीची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावी लागते. नवा कायदा लागू व्हायला अवकाश असला तरी हे बंधन आजही आहे.

“मॅडम, सॉफ्टवेअरवाल्याला सांगून आत्ता बंद करतो. कुणाला काही कळलेलं नाही, उगाच बोभाटा कशाला?”

हे वाक्य मी कारखान्यात ऐकलंय, पतसंस्थेत ऐकलंय. त्यात वाईट हेतू क्वचितच असतो, भीती असते. मी एवढंच विचारलं, “तुमच्याकडे एचआयव्हीची तपासणी होते ना?”

डॉक्टर खुर्चीत बसले. एचआयव्ही-एड्सबाबतच्या २०१७च्या कायद्यातलं कलम ११ अशी माहिती ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेवर ती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी टाकतं. पण कलमाच्या आधी त्यांच्या डोळ्यांसमोर गावातली माणसं आली असावीत. तासाभराच्या वाटेवर सगळे एकमेकांना ओळखतात, लग्नं ठरतात, मोडतात.

लिंक बंद केल्या तेव्हा लगेच दुसरी अडचण उभी राहिली. समोरच्या हॉस्पिटलात एका बाईंचं ऑपरेशन रिपोर्टसाठी खोळंबलं होतं. छापील कागद देऊन मुलाला पळवलं. दुपारभर काउंटरवर रांग होती. दरम्यान सॉफ्टवेअरवाल्यांकडून सर्व्हरच्या नोंदी मागवल्या, म्हणजे कुठून, कधी, काय उघडलं गेलं त्याची यादी. सर्ट-इनचे निर्देश १८० दिवसांच्या नोंदी ठेवायला सांगतात, इथे मिळाल्या जेमतेम तीन आठवड्यांच्या. लिंक मात्र दोन वर्षं चालू होत्या. त्याआधी काय झालं हे आता कुणालाच सांगता येणार नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा आला. मिळालेल्या नोंदींत एक रात्र होती: एकाच ठिकाणाहून, सहा मिनिटांत, ओळीने अडतीस रिपोर्ट उघडलेले. सव्वाचारला आम्ही सर्ट-इनला मेल पाठवला.

राहिली ती अडतीस माणसं. नवे नियम सांगतात की ज्याचा डेटा फुटला त्याला साध्या, स्पष्ट भाषेत कळवायचं: काय झालं, कधी झालं, त्याचा परिणाम काय होऊ शकतो, तुम्ही काय केलंत, त्याने काय करावं, विचारायचं कुणाला. अजून सक्ती नव्हती, तरी डॉक्टर स्वतःहून म्हणाले, सांगूया. मी मजकूर लिहिला. रिसेप्शनवरच्या काकूंनी तो वाचला आणि म्हणाल्या, “वकीलबाई, ‘अनधिकृत प्रवेश’ म्हणजे आमच्या लोकांना घरात चोर शिरल्यासारखं वाटेल.” त्यांनी तो बोलून दाखवला: तुमचा रिपोर्ट दुसऱ्या कुणीतरी उघडून बघितलाय, चूक आमच्या बाजूची आहे, ती वाट आम्ही बंद केली. मी माझा कागद बाजूला ठेवला.

मग लक्षात आलं की हा फोनसुद्धा धोक्याचा आहे. फोन नवऱ्याने उचलला तर? सासूने? ‘लॅबमधून बोलतेय’ म्हटलं तरी तपासणी केल्याचं उघड होतं. शेवटी ठरलं की त्या व्यक्तीशीच बोलायचं, नाहीतर काकूंनी फक्त स्वतःचं नाव आणि नंबर द्यायचा. तपासणीचं नाव फोनवर कुणालाच घ्यायचं नाही. त्यातही चार नोंदींवर एकच नंबर निघाला, एका दवाखान्यातल्या कंपाउंडरचा. त्या चौघांचे रिपोर्ट पहिल्यापासून त्याच्याच मोबाइलवर जात होते. त्यांना डॉक्टर दुसऱ्या दिवशी स्वतः भेटायला गेले.

संध्याकाळी डॉक्टरांच्या केबिनमध्ये काकू फोन लावायला बसल्या. मजकूर नीट पोचतोय का हे कळावं म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता, मी शेजारी वही घेऊन. एका आजोबांनी तीनदा विचारलं, “म्हंजे माझा रिपोर्ट बदलला का?” रिपोर्ट तुमचाच, बरोबरच आहे, हे काकूंनी तिन्ही वेळा तितक्याच शांतपणे सांगितलं. पुढच्या प्रत्येक फोनला ते वाक्य आम्ही सुरुवातीलाच घेतलं.

अकरावा की बारावा फोन एका तरुण बाईंना लागला. सगळं ऐकून घेतल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “ताई, आवाज घुमतोय. तुमच्याजवळ आत्ता कोण बसलंय?”

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि स्पीकर बंद केला. मी वही मिटली, बाहेर आले आणि केबिनचं दार लावून घेतलं. त्यानंतरचे सगळे फोन काकूंनी एकटीनेच केले.