पेडल खाली बसतं तेव्हा

जुन्या पिकअपचं क्लच-पेडल एखाद्या सकाळी खाली जाऊन बसतं आणि उठायचं नाव घेत नाही. बुटाच्या टोकाने उचलून पुन्हा दाबलं, तर भिजलेल्या पावासारखं मऊ. बघ्यांपैकी कोणीतरी निकाल देतोच : ‘प्लेट गेली!’ पण गिअरबॉक्स उतरवायच्या मजुरीला होकार देण्याआधी क्लचच्या तेलाची डबी पाहावी. गुन्हेगार बहुधा बोटभर रबरी वॉशर असतो.

1980च्या दशकातली टोयोटा हायलक्स घ्या. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, मास्टर सिलिंडर; गिअरबॉक्सच्या कुशीला बाहेरून दोन बोल्टांवर स्लेव्ह सिलिंडर. पेडल मास्टरमधलं तेल ढकलतं, तेल स्लेव्हचा रॉड ढकलतं, रॉड फोर्कला, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या काट्याला. तेल दबत नाही, हवा दबते. सगळा तंटा एवढाच.

ब्रेकचे पॅड झिजले की त्यांच्या डबीतलं तेल उतरतं. क्लचची तऱ्हा उलटी. प्लेट झिजते तसा स्लेव्हचा दट्ट्या मागे सरकतो आणि पातळी किंचित चढते. त्यामुळे इथे पातळी उतरली की गळती, दुसरं काही नाही. पेडलच्या वर, रॉड फायरवॉलमध्ये शिरतो तिथे बोट फिरवा. मग स्लेव्हचं रबरी बूट सोलून आत पाहा. थोडी ओल चालते, थेंब चालत नाही.

बाहेर सगळं कोरडं, तरी सिग्नलला क्लच दाबून धरल्यावर गाडी हळूच पुढे सरकू लागते? मास्टरचा वॉशर आतल्या आत तेल परत सोडतोय. पंप केल्यावर पेडल कडक होतं, तर आधी हवेचा संशय घ्यावा. आता एकाने पेडल दाबावं, दुसऱ्याने खाली झोपून रॉड पाहावा. साधारण 12 मिमी सरकला आणि तरीही रिव्हर्स करकरला, तरच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, फोर्क यांच्याकडे वळावं.

हवा काढायला अर्धा लिटर डॉट 3 ब्रेक-तेल, पारदर्शक नळी आणि बाटली पुरते. नळी स्लेव्हच्या निपलला, म्हणजे हवा काढायच्या स्क्रूला; तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडालेलं हवं. दाबा, निपल सोडा, निपल आवळा, मगच पाय उचला. क्रम चुकला तर काढलेली हवा परत आत. डबी मध्येच रिकामी झाली, तर पुन्हा श्रीगणेशा. बुडबुडा हटत नसेल तर स्लेव्ह सोडवून, निपल बंद ठेवून त्याचा रॉड हाताने हळूहळू पूर्ण आत दाबावा; हवा वरच्या डबीत जाऊन फुटते. मात्र स्लेव्ह सुटा असताना पेडलला पाय लावू नये, दट्ट्या बाहेर उडतो.

इंजिन ऑइल चालेल का? नाही. त्याने रबर फुगतं. आणि डॉट 3 तेल हवेतलं पाणी पितं, सिलिंडरला आतून गंजाचे खड्डे पडतात. अशा सिलिंडरात नवा वॉशर घालणं म्हणजे किसणीवर रेशीम ओढणं. तिथे नुसत्या वॉशरच्या किटचा मोह सोडून सिलिंडरच बदलावा, आणि मास्टर बदलला तर स्लेव्हही. नव्याच्या जोराने जुना महिनाभरात गळला, तर नवल नाही.

मास्टरच्या पुशरॉडला मोकळीक ठेवायला मात्र विसरू नये, पेडलच्या टोकाशी 1 ते 5 मिमी. ती नसली तर तापलेल्या तेलाला डबीत परतायची वाट मिळत नाही आणि भर उन्हात चढावर क्लच घसरतो. तिथेही ओरड तीच, ‘प्लेट गेली!’