'कुणाचंच नाही' असं वाटणाऱ्या गाण्याचं गाव

लेकीच्या शाळेत एका कोपऱ्यात जुना पियानो आहे. मधल्या सुट्टीत दोन-दोन मुली त्यावर शेजारी बसतात. डावीकडची चार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे चार गट, पुन्हा पुन्हा फिरवत राहते आणि उजवीकडची त्यावर एक छोटी, उड्या मारणारी चाल वाजवते. मागच्या हिवाळ्यात ही चाल आमच्या घरात शिरली. आधी जेवणाच्या टेबलावर बोटांनी, मग एका ओळखीच्या आजींकडून आणलेल्या स्वस्तातल्या कीबोर्डवर. आठवडाभरानंतर मी विचारलं, "हे गाणं कुणाचं गं?"

"कुणाचंच नाही आई. सगळ्यांना येतं."

गाण्याचं नाव 'हार्ट अँड सोल'. चाल १९३८ सालची, शब्द फ्रँक लेसर यांचे. चाल बांधणारा माणूस होता होगी कारमायकल. तो आमच्याच ब्लूमिंग्टनचा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या आमच्या गावचा निघाला. इथेच जन्मला, इथल्याच इंडियाना विद्यापीठात शिकला आणि इथल्या रोझ हिल कब्रस्तानात त्याला पुरलं आहे. किराणा आणायला जाताना ज्या रस्त्याने मी चार वर्षं गाडी नेली, त्याच्या जवळच.

मी मिरजेची. आमच्याकडे सतारी आणि तंबोरे बनवणारी घराणी आहेत, दर्ग्यापाशी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणं चालतं. गावात कुणी मोठा गवई होऊन गेला असेल तर गावाला ते ठाऊक असतं, असं धरूनच मी वाढले. म्हणून लेकीचं ते 'कुणाचंच नाही' मला सोडवेना. हिवाळाभर मी या माणसाच्या मागे लागले.

होगीचं पूर्ण नाव होगलंड. जन्म २२ नोव्हेंबर १८९९. आई पोटुशी असताना घरी उतरलेल्या एका सर्कशीच्या मंडळींवरून हे नाव ठेवलं, असं सांगतात. वडील आधी घोडागाडी हाकत, पुढे विजेची कामं करत; कामासाठी बिऱ्हाड सारखं हलायचं. खरं संगीत आईचं. लिडाबाई मूकपटांच्या खेळाला आणि विद्यार्थ्यांच्या नाचाच्या कार्यक्रमांना पियानो वाजवून घरात चार पैसे आणत. मुलगा बरोबर असायचा, ऐकत-पेंगत. नोटेशनचं रीतसर शिक्षण त्याला फारसं मिळालंच नाही. पुढे कुटुंब इंडियानापोलिसला गेलं तेव्हा रेज डुव्हाल नावाच्या कृष्णवर्णीय पियानोवादकाने त्याला हात दिला. अमेरिकेतल्या गोऱ्या संगीतकारांच्या चरित्रांत ही नावं बहुतेकदा एका ओळीत उरकतात. मला ती ओळ महत्त्वाची वाटते, कारण त्याच्या डाव्या हातातला ठेका तिथून आला.

१९१८ साली, इन्फ्लुएन्झाच्या साथीच्या वर्षी, त्याची तीन वर्षांची बहीण जोअॅन गेली. चांगला डॉक्टर आणायची ऐपत नव्हती म्हणून ती गेली, असं तो आयुष्यभर मानत राहिला. पुन्हा कधी गरीब राहायचं नाही, ही त्याची गाठ तिथे बसली. म्हणून तर गाण्याचं इतकं वेड असूनही त्याने १९२६ मध्ये वकिलीची पदवी घेतली आणि फ्लोरिडात जाऊन वकिलीला सुरुवातही केली. घरचं बघून शिक्षण निवडणारी मुलं आपल्याकडे काय कमी आहेत! पण तिथे एके दिवशी त्याच्या कानावर आपलीच चाल पडली. 'वॉशबोर्ड ब्लूज' कुणी दुसऱ्याने तबकडीवर वाजवली होती. वकिली सुटली ती सुटलीच.

इथे बिक्स बायडरबेकबद्दल सांगायला हवं. त्याच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. बिक्स कॉर्नेट वाजवायचा. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटची बुटकी बहीण. १९२४ च्या वसंतात बिक्सचा बँड विद्यापीठातल्या नाचांसाठी ब्लूमिंग्टनला आला आणि दोघांची गट्टी जमली. होगीने त्या बँडसाठी एक चाल बांधली आणि त्याच वर्षी मे महिन्यात ती रिचमंड गावात ध्वनिमुद्रित झाली. होगीची तबकडीवर आलेली ही पहिली रचना.

रिचमंड इथून गाडीने दोन-अडीच तासांवर, ओहायोच्या सीमेलगत. एप्रिलमध्ये आम्ही गेलो. व्हाइटवॉटर नदीच्या घळीत स्टार पियानो कंपनीचा मोठा कारखाना होता. त्यांनीच जेनेट नावाने तबकड्या काढायला सुरुवात केली आणि कारखान्याच्या आवारात स्टुडिओ थाटला. बाजूने रेल्वेचा रूळ जायचा. गाडी आली की मुद्रण थांबवायचं. लुई आर्मस्ट्राँग या कृष्णवर्णीय जॅझ वादकाच्या कॉर्नेटचा आवाज देशाच्या कानी पहिल्यांदा पडला तो इथूनच, १९२३ मध्ये, किंग ऑलिव्हरच्या बँडमधून. आणि त्याच दशकात त्याच कंपनीने पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी कू क्लक्स क्लॅन या कृष्णवर्णीयांचा द्वेष करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेच्या तबकड्याही दाबून दिल्या. एकाच छताखाली दोन्ही. मी त्या घळीत उभी होते, लेक विचारत होती, "म्हणजे ज्यांना ते नको होते, त्यांच्याच शेजारी?" मी हो म्हटलं. त्यापलीकडे तिला सांगण्यासारखं मला काही सुचलं नाही. आज तिथे कारखान्याची एक भिंत शिल्लक आहे, तिच्यावर जुनं बोधचिन्ह आहे आणि चालायच्या वाटेत कलाकारांची मोझेकमधली गोल चित्रं बसवली आहेत. होगीचंही आहे.

वाद्यांच्या कारखान्याच्या कुशीत ध्वनिमुद्रण! मिरजेच्या माणसाला यात नवल वाटत नाही. जिथे लाकडाला सूर लावतात तिथे गाणं आपोआप गोळा होतं.

३१ ऑक्टोबर १९२७ ला याच घळीत होगीने 'स्टारडस्ट' पहिल्यांदा ध्वनिमुद्रित केलं. मी हे मुद्रण ऐकलं तेव्हा आधी ओळखलंच नाही. मला माहीत होतं ते नॅट किंग कोलचं, संथ, मखमली. हे तर पळत होतं! नाचाच्या ठेक्यावर, एकही शब्द नाही, मध्ये होगीचा स्वतःचा पियानो. चाल मात्र विचित्र सुंदर. गळ्याला सोयीची नाहीच. खालून एकदम वर झेप, मग वळसा, मग पुन्हा उतरण. जाणकार सांगतात की ही कॉर्नेटची चाल आहे, बिक्स जसा उत्स्फूर्त वाजवायचा तशी. त्या दिवशी बिक्स स्टुडिओत नव्हता. तरी मला त्या झेपांमध्ये तोच ऐकू येतो.

ही तबकडी खपली नाही. १९२८ मध्ये होगीने स्वतःचे शब्द घालून ती पुन्हा मुद्रित केली तर कंपनीने नाकारली. आधीच आमच्याकडे आहे आणि विकली जात नाही, अशा अर्थाचा शेरा मारून. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या मिचेल पॅरिशने नवे शब्द लिहिले. १९३० मध्ये आयशम जोन्सच्या वाद्यवृंदाने गती उतरवली, व्हायोलिन पुढे आणलं, आणि नाचाचं गाणं आठवणीचं गाणं झालं. आपल्याकडे एखादी द्रुत बंदिश कुणी विलंबितात मांडावी आणि रागाचं वेगळंच दालन उघडावं, तसं. पॅरिशचे शब्दही चालीला शोभणारे: माणूस दूर गेलं आहे, उरलं आहे ते तेव्हाचं एक गाणं. गाण्याबद्दलचंच गाणं. १९३१ च्या ऑगस्टमध्ये दारूने पोखरलेला बिक्स गेला, वय अठ्ठावीस. होगीने पुढे आपल्या थोरल्या मुलाचं नाव होगी बिक्स ठेवलं.

त्यानंतर हे गाणं हजाराहून अधिक वेळा मुद्रित झालं. १९६१ मध्ये फ्रँक सिनात्राने तर कमाल केली: मुख्य गाणं गायलंच नाही, त्याआधीची छोटी प्रस्तावना तेवढी गायली आणि थांबला. आणि २००४ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या मुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत घेतली ती न खपलेली १९२७ ची तबकडीच. मला याचा फार आनंद झाला.

'जॉर्जिया ऑन माय माइंड' तुम्ही रे चार्ल्सच्या आवाजात ऐकलं असेल, १९६० चं. ते मुळात होगीचं, १९३० चं. शब्द त्याचा विद्यार्थिदशेतला सोबती स्टुअर्ट गॉरेल याचे. त्याने आयुष्यात एवढं एकच गाणं लिहिलं आणि पुढे बँकेत नोकरी केली. १९७९ मध्ये जॉर्जियाने ते आपलं राज्यगीत केलं. चाल इंडियानाच्या माणसाची, आवाज जॉर्जियाच्याच आल्बनी गावात जन्मलेल्या अंध कृष्णवर्णीय गायकाचा.

पण माझ्या मनात सगळ्यात खोल रुतलेली गोष्ट दुसरीच आहे. कॉलेजात असताना कुणीतरी होगीला मासिकातून कापलेली एक कविता दिली. खाली फक्त 'जे. बी.' अशी आद्याक्षरं. तुझ्यावाचून माझं छान चाललं आहे, असं म्हणत म्हणत प्रत्येक ओळीत खोटं पडणारं एक मन. ते कात्रण त्याने वर्षानुवर्षं जपलं आणि १९३८ मध्ये त्यावर चाल बांधली. छापायचं तर कवीची परवानगी हवी. शोध सुरू झाला; वॉल्टर विंचेल या नावाजलेल्या वार्ताहराने रेडिओवरून लोकांना साद घातली. अखेर फिलाडेल्फियात एक विधवा बाई सापडल्या, जेन ब्राउन थॉम्पसन. गाणं रेडिओवर पहिल्यांदा गायलं जायच्या आदल्या रात्री, १९ जानेवारी १९३९ ला, त्या वारल्या. आपले शब्द सुरात त्यांनी ऐकलेच नाहीत.

पुढे होगी हॉलिवूडला गेला, सिनेमांत पियानोशी बसलेला, ओठात काडी धरलेला माणूस म्हणून दिसला, १९५१ च्या एका गाण्याला ऑस्कर मिळालं. रॉक अँड रोल आलं आणि त्याच्या तऱ्हेची गाणी मागे पडली. २७ डिसेंबर १९८१ ला तो कॅलिफोर्नियात गेला, आणि परत आणला गेला तो इथे. त्याचे कागद, तबकड्या, पियानो कुटुंबाने विद्यापीठाला दिले. ऑडिटोरियमजवळ पियानोशी बसलेला त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. बर्फ पडलं की हॅटवर साचतं.

मार्चअखेरीस बर्फ वितळल्यावर आम्ही दोघी रोझ हिलला गेलो. मिरजेत कबरीवर फुलांची चादर चढवतात. इथे काय करायचं ते मला कळेना, म्हणून डॅफोडिलची चार फुलं ठेवली. लेक बराच वेळ दगडावरचं नाव वाचत होती. परतताना गाडीत म्हणाली, "आई, त्या गाण्याला मधला भागही आहे. आम्ही कुणीच तो वाजवत नाही."

आता तो भाग बसवणं चालू आहे. डावा हात तिथे नेहमीच्या चार कॉर्ड सोडून भलतीकडे जातो आणि ती रोज त्याच वळणावर अडते. काल रात्री आईला फोनवर ऐकवलं. पलीकडे मिरजेत सकाळचे सात वाजले होते, कुकरची शिट्टी ऐकू येत होती. अडलेल्या जागी आई म्हणाली, "थांब, घाई करू नकोस. हळू घे, मग बसेल."